पार्टीला निघण्याआधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

नशेचं काहीच न घेणं सगळ्यात सुरक्षित, यात मला शंका नाही. पण आपल्यातलं कुणीतरी घेणार हे माहीत असेल, तर डोळेझाक करण्यापेक्षा तयारी करा.

आधी एकजण असा ठरवा जो रात्रभर कशालाच हात लावणार नाही, दारूलाही नाही. त्याचा फोन पूर्ण चार्ज हवा, त्यात रुग्णवाहिकेचा नंबर हवा आणि जागेचा पत्ता त्याला तोंडपाठ हवा. कुणाला हृदयाचा त्रास आहे, फिट येतात, नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत, हे त्याने निघण्याआधीच विचारून घ्यावं. त्यातल्या काही गोळ्यांबरोबर एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने ओळखलं जाणारं नशेचं द्रव्य) घेणं जिवावर बेतू शकतं.

गोळीच्या रंगावरून किंवा छापावरून आत काय आहे ते कळत नाही. ‘अजून चढलीच नाही’ म्हणून दुसरी गोळी घ्यायची नाही, हेही आधीच ठरवा. एमडीएमए चढायला तासभरही लागतो. त्याच नावाने कधी पीएमए हे वेगळंच रसायन विकलं जातं. ते आणखी उशिरा चढतं आणि जास्त घातक असतं. जीएचबी (गुंगी आणणारं द्रव्य), झोपेच्या गोळ्या किंवा हेरॉइनसारखी द्रव्यं दारूबरोबर शरीरात गेली, तर श्वास मंदावत जाऊन थांबू शकतो.

एमडीएमए घेऊन नाचणाऱ्याला तासाला साधारण अर्धा लिटर पाणी पुरे, तेही घोटघोट. भीतीपोटी घटाघटा लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते. मध्येमध्ये गार जागी बसवा. अंग भाजत असेल, माणूस बरळत असेल, तर वरचे कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि रुग्णवाहिका बोलवा.

सगळ्यात जास्त भीती मला ‘झोपलाय, झोपू दे’ या वाक्याची वाटते. खांदा हलवून, मोठ्याने हाक मारून तो उठतो का पाहा. उठत नसेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, हनुवटी जरा वर करा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लगेच फोन लावा, त्याला एकटं सोडू नका. श्वास थांबला तर फोनवरून सांगतील तशी छाती दाबायला लागा. काय घेतलं ते खरंखरं सांगा, उरलेली गोळी दाखवा. घरचे काय म्हणतील, पोलीस येतील का, याची चर्चा त्या क्षणी नको. फोन कोण करणार ते घरून निघतानाच ठरलेलं असू दे.

ज्याने घेतलं त्याचं मन पुढचे दोन-तीन दिवस खूप खचू शकतं. तेव्हा रोज एकदा त्याला फोन कोण करणार, तेही ठरवा.