वायफाय सारखं तुटतंय? नवा राउटर घेण्याआधी दोष कुठे आहे ते पकडा

घरात नेट अडकतंय म्हटलं की सल्ले ठरलेले असतात: राउटर बंद करून चालू करा, मोठा प्लॅन घ्या, नवा राउटर आणा, नाहीतर एक रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावा. पहिल्याने काही बिघडत नाही. बाकी तिन्हींत पैसे जातात आणि पुष्कळदा तक्रार जिथल्या तिथे राहते, कारण तुटतंय नेमकं कुठे हे कोणी तपासलेलंच नसतं. तुमच्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा टप्पा हवेतला, म्हणजे वायफायचा. तो तुमच्या ताब्यात आहे. राउटरपासून पुढची लाइन सेवा देणाऱ्या कंपनीची. दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी पडद्यावर तेच चक्र फिरत राहतं, पण इलाज पूर्ण वेगळे आहेत.

१. रीस्टार्ट आणि दिवे

राउटर एकदा बंद करून चालू करा, केबल घट्ट बसवा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा पेटला असेल तर पुढचं काही करू नका, सरळ कंपनीला फोन लावा. आणि रोज रीस्टार्ट करावा लागत असेल तर तो इलाज समजू नका, ते लक्षण आहे.

२. दोष कोणत्या बाजूला, ते ठरवा

खरं काम इथे आहे. हे नीट वाचता येईपर्यंत मलाही बराच त्रास झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉप घेऊन नेट तुटतं त्याच जागी बसा. राउटरशेजारी बसून केलेल्या तपासणीतून काहीच कळत नाही. आता कमांडच्या दोन खिडक्या (विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल) उघडा. पहिलीत राउटरच्या पत्त्यावर पिंग लावा, म्हणजे ping आणि एक जागा सोडून पत्ता लिहा; समोरून उत्तर किती वेळात येतं ते ही कमांड पुन्हा पुन्हा मोजते. तो पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो; विंडोजवर आयपीकॉन्फिग कमांड दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसतो. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरवर पिंग लावा. आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. विंडोजवर पिंग चार वेळा होऊन थांबतो, म्हणून पत्त्यानंतर एक जागा सोडून हायफन आणि इंग्रजी टी लिहा. मॅक आणि लिनक्सवर तो आपोआप चालू राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि नेहमीचं काम करत राहा. नेट अडकलं की लगेच दोन्हींकडे बघा.

राउटरची खिडकी चांगल्या वायफायवर काही मिलिसेकंदांत उत्तर देते. तिथेच २००, ५०० असे आकडे येत असतील किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर दोष वायफायचा. कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरच्या खिडकीत उत्तरं नीट येताहेत आणि फक्त दुसरी अडखळते आहे, तर दोष राउटरच्या पुढे.

दोन्ही एकदम थांबल्या, तर बहुतेक लोक “लाइनच गेली” म्हणतात. ते चूक आहे. दुसरा पिंगही राउटरमधूनच बाहेर जातो, त्यामुळे वायफाय तुटलं की दोन्ही थांबणारच. मात्र त्याच वेळी राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा चालू झाला नाही ना, हे त्याच्या सेटिंगच्या पानावर ‘अपटाइम’ बघून तपासा. अपटाइम काही मिनिटांचाच दिसला तर अ‍ॅडॉप्टर किंवा राउटर खराब आहे, किंवा तो तापतो आहे.

ही चाचणी फोनवर करू नका. बॅटरी वाचवण्यासाठी फोन आपला वायफाय रेडिओ मधूनमधून झोपवतो, पिंग उगाच वाढलेला दिसतो आणि नसलेला दोष तुम्ही शोधत बसता. लॅपटॉपही चार्जरला लावूनच वापरा. मधेच एखादा आकडा उसळला तर तो सोडून द्या. राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम सवडीने करतो. पडदा अडकतो त्या क्षणी सलग बिघडलेले आकडे दिसतात का, तेवढंच महत्त्वाचं.

दोन प्रकार असे आहेत की भले भले चकतात. पहिला: दोन्ही पिंग उत्तम, पण साइट उघडत नाहीत. इथे बहुधा डीएनएस अडतोय, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडत नाहीये. राउटरमध्ये डीएनएस बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. दुसरा: एरवी सगळं छान, पण घरात कोणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की व्हिडिओ कॉल तुटतो. राउटरचा पिंग जागच्या जागी, ८.८.८.८ चा मात्र २० वरून ८०० वर. ही अपलोडची बाजू भरून गेल्याची खूण आहे. पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, राउटरच्या किंवा मोडेमच्या रांगेत तुंबून राहतात. राउटरची जागा किंवा चॅनल (वायफायच्या पट्ट्यातली गल्ली) बदलून हे कधीच सुटणार नाही. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर ते चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. ती सोय नसेल तर बॅकअप रात्रीवर टाका.

निकाल पक्का करायला केबल लावून हेच पुन्हा करा. केबल लावल्यावर लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं, नाहीतर नेमकं काय मोजलं याचा भरवसा नाही. घरात केबल नसेल तर कोणाकडून तरी मागून आणा, पण ही पायरी गाळू नका. केबलवरही ८.८.८.८ तुटत असेल तर वेळा लिहून ठेवा आणि कंपनीला फोन केल्यावर पहिलंच वाक्य हे बोला: “केबल लावून, वायफाय बंद करून तपासलंय, राउटरपर्यंत एकही पिंग चुकत नाही.” हे सांगितलं नाही तर सगळं खापर तुमच्या वायफायवर फुटतं आणि तक्रार बंद होते. लाइन रिकामी असताना मोजून “इकडून सगळं ठीक आहे” असंही सांगतील. तुमच्या लिहिलेल्या वेळांवर ठाम राहा.

स्पीड टेस्ट या कामाला चालत नाही. ती काही सेकंदांचा एकत्रित वेग दाखवते. मधेच दोन सेकंद तुटलेलं त्यात विरून जातं, आणि कॉल तर तेवढ्यानेच बिघडतो.

३. राउटरची जागा

टीव्हीच्या कपाटातून, जमिनीवरून, लोखंडी कपाटाच्या किंवा फिश टँकच्या आडून त्याला बाहेर काढा. छातीएवढ्या उंचीवर, मोकळा, घराच्या शक्य तितका मधोमध. वायफायच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६७ किंवा त्याहून चांगला असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेलात की तुटणारच. दर ३ डीबीला सिग्नलची ताकद निम्मी होते, त्यामुळे हातभर सरकवूनही फरक पडू शकतो.

४. चॅनल

५ गीगाहर्ट्‌झ पोहोचत असेल तिथे तेच वापरा (वायफायचे नेहमीचे दोन पट्टे म्हणजे २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ). भिंतीपलीकडे ते लवकर क्षीण होतं, पण गर्दी कमी असते आणि मायक्रोवेव्हचा उपद्रव नाही. २.४ वर राहावंच लागलं तर चॅनल १, ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. “अ‍ॅपमध्ये ३ रिकामा दिसतो, तो घ्या” हा सल्ला मी ऐकतो तेव्हा खरंच राग येतो. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. ३ वर बसलात की १ आणि ६ या दोन्हींवर अर्धवट पाय पडतो. कोणालाच कोणाचं बोलणं नीट उलगडत नाही, सगळ्यांना नुसता गोंगाट ऐकू येतो. राउटरला किंवा लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क चिकटून असेल तर ती लांब करा, तिचा रेडिओ गोंगाट थेट २.४ मध्ये पडतो.

५ वरची एक खोड फारशी कोणी सांगत नाही. अधूनमधून ५ चं नावच यादीतून मिनिटभर गायब होत असेल, तर तुमचा राउटर ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर आहे का बघा. हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारचा सिग्नल लागल्याची शंका आली तरी राउटरला जागा सोडावी लागते, आणि नव्या रडार-चॅनलवर बोलण्याआधी किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं. ‘ऑटो’ काढून चॅनल ३६ ते ४८ मधला ठेवा, आणि रुंदी ८० पेक्षा जास्त नको, नाहीतर तो पुन्हा रडारच्या हद्दीत शिरतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, त्याच वेळेला दोन खिडक्या पुन्हा लावा.

५. तरीही एखादी खोली कोरडी राहिली तर

रिपीटर त्या खोलीत ठेवू नका. तिथे पोहोचणारा सिग्नल आधीच मेलेला असतो, रिपीटर तोच पुढे पाठवतो. राउटर आणि ती खोली यांच्या मधे, सिग्नल अजून चांगला असतो तिथे ठेवा. एकाच रेडिओचा असेल तर वेग साधारण निम्मा होणार हेही धरून चाला. माझं मत विचाराल तर रिपीटर घेऊच नका. खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिच्या टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा. केबल त्याच्या लॅन पोर्टात जाते, वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनच्या पोर्टात) नाही. आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करायला विसरू नका. ते चालू राहिलं तर दोन राउटर आपापले पत्ते वाटत बसतात, काही उपकरणांना नेट मिळतं, काहींना मिळत नाही.