स्प्रिंग बदलताना या चुका टाळा

"दादा, गाडी दोन इंच खाली करून द्या, संध्याकाळी न्यायचीय." असं कोणी म्हटलं की मी आधी टेप काढतो. गाडी सपाट जागेवर, टाकी भरलेली, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं. गाडीची उंची चाकांवरच्या स्प्रिंगा ठरवतात, म्हणून मापं वहीत उतरवल्याशिवाय मी स्प्रिंग मागवत नाही. संध्याकाळची घाई असणाऱ्याला मी सरळ परत पाठवतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो स्प्रिंग कापून आणणाऱ्यांचा. सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक कापला, तर स्प्रिंग 20 टक्के कडक होते. हे एक वेळ सोसता येईल. पण स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसावं अशा बेतानं वळवलेलं असतं, तेच ग्राइंडरखाली जातं. मग चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होते आणि जागची फिरते. मागच्या पावसाळ्यात आंबा घाटातून एक हॅचबॅक टो होऊन माझ्याकडे आली. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा दीड-दीड वेढा कापलेल्या, वर गॅसने तापवून दाबलेल्या. तापवलं की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कस, उतरतं, मग स्प्रिंग बसतच जाते. डावी स्प्रिंग बैठकीतून सुटून टायरला घासली होती, टायर आतून बोटभर चिरला होता. गाडीत त्या मुलाचे आईवडील होते. तो दिवस आठवला की आजही मी कापलेल्या स्प्रिंगच्या गाडीला हात लावत नाही. आधी मूळ स्प्रिंगा घालायच्या, मग बाकीचं बोलू.

सीएनजीवाल्यांची चूक वेगळी. डिकीत पन्नास किलोच्या वरची टाकी बसते, गाडी मागून दबते, आणि वेढ्यांमध्ये रबराचे बफर कोंबले जातात. रबर अडकलं तेवढे वेढे काम सोडतात, त्यांचा ताण बाकीच्यांवर जातो. मागे थोड्या कडक स्प्रिंगाच घाला. मात्र नजरेच्या अंदाजाने नको. बाकी सगळं तेच ठेवून तार 12 ऐवजी 13 मिलिमीटरची घेतली, तर कडकपणा जवळजवळ 38 टक्के वाढतो. मग रिकामी गाडी मागून उड्या मारते.

गाडी बसली म्हणून शॉकअप बदलू नका. वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त उसळी आवरतो. एकाच बाजूची स्प्रिंग कधीच नाही, जोडीच बदला. डिझेलचं इंजिन जड असतं, त्याच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलला चालत नाहीत. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, टाळलंत तर टायर आतून खाल्ला जाईल.

आणि लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नका. बुश त्याच पिळात अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. मी गाडी चाकांवर उतरवतो, दोन-चारदा दाबून हलवतो आणि मगच बोल्ट पूर्ण आवळतो. पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत बोलावतो आणि वहीतल्या मापांशी पुन्हा ताडून बघतो.