गोळ्या चालू, तरी बीपी उतरत नाही? आधी हे तपासा

‘सिस्टर, ही गोळी लागू पडत नाही, डॉक्टरांना बदलून द्यायला सांगा.’ हे मी रोज ऐकते. ओपीडीत डॉक्टरांच्या खोलीबाहेर बीपी मोजायचं जे टेबल असतं, तिथे माझी ड्यूटी असते. पट्टा बांधल्यावर गप्प बसा म्हटलं तरी लोक बोलत राहतात, आणि आत न सांगितलेलं बरंच माझ्या कानावर येतं. ते ऐकून माझं मत पक्कं झालंय, की गोळीवर ठपका ठेवण्याआधी तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. आकडा खरा आहे का, गोळी पोटात जातेय का, आणि दुसरं काही बीपी चढवतंय का.

आकडा खरा आहे का

सुरुवात पट्ट्यापासून. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. एका धिप्पाड गृहस्थांचा वरचा आकडा नेहमीच्या पट्ट्यावर १६८ आला. मोठा पट्टा शोधून आणला, पुन्हा मोजलं, तर १४८. तेवढ्यात त्यांनी कुठलीच गोळी घेतली नव्हती. घरी मशीन असेल तर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर सेंटिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, त्यात तो बसतो का बघा. मशीन दंडाचंच घ्या. मनगटावरची मशीन सोयीची खरी, पण हात थोडा वरखाली झाला की आकडा हलतो.

आता बसणं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या पातळीला. लोंबकळत्या हाताचं बीपी जास्त येतं. लघवी तुंबलेली असली, बोलत असलात, जिना चढून लगेच बसलात, तरी जास्तच येतं. चहा, कॉफी, सिगारेट आणि व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्या, मग पाच मिनिटं स्वस्थ बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा. बाही वर गुंडाळून तिचा फास करायचा, हा प्रकार मी दिवसभर बघते आणि दिवसभर सोडवते.

अशा रीतीने सात दिवस मोजा. सकाळी गोळी आणि खाण्याआधी, आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यातली सीमा १४०/९० धरतात, घरच्या मोजणीला १३५/८५. तुमचं लक्ष्य याहून खालचं असू शकतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आलेला प्रत्येक आकडा लिहा. मनासारखा येईपर्यंत मोजत राहून शेवटचा तेवढा लिहायचा, ही वही कुणाच्याच कामाची नाही. घरची सरासरी चांगली आणि दवाखान्यातच चढत असेल तर डॉक्टर गोळी वाढवताना वेगळा विचार करतात. उलटही घडतं, दवाखान्यात छान आणि घरी चढलेलं. तो प्रकार जास्त फसवा.

गोळी पोटात जातेय का

‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. म्हणून मी विचारते, ‘गेल्या आठवड्यात किती राहिल्या?’ मग खरं बाहेर येतं. एका बाईंनी खोकल्याला कंटाळून गोळी बंद केली होती, पण आत डॉक्टरांना सांगायची भीड. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. ‘सार्टन’वाल्या गोळ्यांनी तो सहसा येत नाही. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. त्रास सांगितला तर पर्याय निघतो. लपवला तर डॉक्टर न घेतलेल्या गोळीचाच डोस वाढवतात.

सकाळी घ्यावी की रात्री? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘टाइम’ नावाच्या मोठ्या चाचणीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. जी वेळ चुकत नाही ती तुमची. फक्त लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली तर झोपमोड ठरलेली. नव्या गोळीला पूर्ण परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तिसऱ्या दिवशी निकाल लावू नका. आणि क्लोनिडिन किंवा ‘ओलॉल’वाल्या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, बीपी उसळतं.

दुसरं काय बीपी चढवतंय

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, ‘ही काही बीपीची नाही’ असं वाटणारीही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या बीपी चढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतात. गुडघ्यासाठी त्या रोज घेणारे माझ्या टेबलावर नेहमी भेटतात. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि ज्येष्ठमधही याच यादीतले. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असू शकतं, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ काहींना उपयोगी पडतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा ‘प्रिल’, ‘सार्टन’, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. दारू, वजन आणि चालणं याबद्दल तुम्हाला सगळ्यांनी सांगून झालंय, मी पुन्हा सांगत नाही.

तरीही उतरलं नाही तर

आता वही घेऊन आत जा आणि विचारा, ‘डोस वाढवायचा की वेगळ्या गटाची, म्हणजे वेगळ्या पद्धतीने बीपी उतरवणारी, दुसरी गोळी जोडायची?’ एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन गटांच्या गोळ्या एकत्र दिल्याने बीपी बरंच जास्त उतरतं. वेगवेगळ्या गटांच्या तीन गोळ्या, त्यात एक लघवी वाढवणारी, आणि तिन्ही पुरेशा डोसने चालू असूनही लक्ष्य गाठलं नाही, तर त्याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. तिथे मूळ कारण शोधायचं असतं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, घोरता घोरता श्वास थांबतो का? थांबत असेल तर झोपेची तपासणी करायला हवी. अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारं हार्मोन) आणि त्याच्याशी जोडलेलं रेनिन या रक्ततपासण्यांबद्दलही विचारा. किडनीच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन जास्त झिरपण्याचा एक आजार असतो. तो अमेरिकी डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये मांडला, पण अजूनही तो तपासायचा राहून जातो. पोटॅशियम कमी असणं ही त्याची एक खूण, पण ते नॉर्मल असलं तरी आजार असू शकतो. किडनी आणि थायरॉइडही बघतात. चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन अनेकांना लागू पडते, २०१५ च्या ‘पाथवे-२’ चाचणीत तीच सरस ठरली. मात्र ती चालू असताना रक्तातलं पोटॅशियम तपासत राहावं लागतं.

मोजताना १८०/१२० किंवा त्याहून वर आकडा आला तर आधी लक्षणं बघा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अंधूक दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही असेल तर ताबडतोब इमर्जन्सीत जा, पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नका. लक्षण एकही नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घाबरून जादा गोळी घेऊ नका, दुसऱ्याची गोळी जिभेखाली तर नाहीच. बीपी एकदम खाली पाडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.