वीज गेली की माउंट दिशा विसरायचं

दूरच्या वेधशाळेत दुर्बीण ठेवली की सगळा भरवसा माउंटवर, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या आधारावर. माझं जुनं माउंट स्टेपर मोटरची पावलं मोजून आपली जागा ठरवायचं. वीज गेली की मोजणी पुसली जायची. परत चालू झाल्यावर ते स्वतःला पार्क झालेलं (ठरलेल्या सुरक्षित जागी थांबलेलं) समजायचं आणि दुर्बिणीची नळी मात्र भलतीकडेच. सरकतं छत तिच्यावर आदळेल या धास्तीने कित्येक रात्री झोप लागली नाही.

नवं घेताना दोन प्रकार तोलून पाहिले. हार्मोनिक ड्राइव्ह (लवचिक दातेरी कड्याची गिअर-रचना) हलकं, बहुतेकदा काउंटरवेटही (तोल साधणारं वजन) लागत नाही. पण आवर्ती चूक (गिअर फिरताना पुन्हा पुन्हा येणारी) मोठी, गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून केलेली सततची दुरुस्ती) अडलं की फोटोत तारे लांबट. वर्म गिअरमध्ये स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो; त्याची चूक संथ असते. चाकाला १८० दात असतील तर ती साधारण ४७९ सेकंदांनी पुन्हा येते, म्हणून बरीचशी सुधारता येते.

शेवटी वर्मचंच घेतलं, पण दोन्ही अक्षांवर अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (अक्षाचा कोन थेट वाचणारे सेन्सर) असलेलं. वीज आली की आपण कुठे आहोत ते स्वतःच वाचतं. शिवाय छताच्या मोटरच्या वायरीत एक स्विच घातला: नळी पार्कच्या जागी टेकलेली नसेल तर छत हलतच नाही, सॉफ्टवेअर काहीही म्हणो. हा स्विच जुन्या माउंटलाही चालला असता. तो आधीच बसवायला हवा होता.