अंगणातला नळ ओट्यापर्यंत: टाईल्सच्या भिंतीला होल मारण्याआधीची तयारी

सरकारी नळ बहुतेक घरांच्या अंगणातच थांबतो. जलजीवन मिशन २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालं, ‘हर घर जल’ म्हणत गावोगाव पाईप पुरले गेले, माणशी रोजचं ५५ लिटर पाणी ठरलं. पण ठेकेदाराची तोटी दाराबाहेर उभी राहते आणि तिथून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंतचं अंतर ज्याचं त्याने बघायचं. मधे एकच भिंत असते, आणि नेमक्या तिच्यावर हौसेने टाईल्स लावलेल्या असतात. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, ‘होल माराले काय लागते काकाजी, दोन मिन्टाचं काम हाय.’ खोटं नाही ते. ड्रिल मशीन थोडाच वेळ चालते. पण तडकलेली टाईल, भिंतीत अडकून बसलेला बिट (मशीनचा भोक पाडणारा दांडा), पावसाळ्यात आतून ओली होणारी भिंत, हे सगळं त्या दोन मिनिटांच्या आधी जे बघायचं राहून गेलं त्यातून येतं. म्हणून खालची तयारी मिस्त्री दारात यायच्या आधी उरकलेली बरी.

पहिली गोष्ट भिंतीची. ती कशाची आहे हे घरच्या जुन्या माणसाला विचारा, आणि विचारून झाल्यावरही विश्वास ठेवू नका. बाहेरच्या बाजूने, जिथे होल यायचं तिथेच, ६ मिलीमीटरच्या बिटने दोन-तीन इंच आत जाऊन भुकटी तळहातावर घ्या. लाल आली तर भाजलेली वीट. राखाडी आली तर राखेची वीट किंवा काँक्रीट. विदर्भात पारसपासून कोराडी-चंद्रपूरपर्यंत औष्णिक वीजकेंद्रं असल्याने राखेच्या विटा आता खेड्यातही पोचल्या आहेत. राखेच्या विटेत बिट सहज जातो, काँक्रीटमध्ये कुरकुरतो, फरक हाताला कळतो. आणि भुकटीऐवजी काळी-करडी माती गळायला लागली तर समजा की जोडाई मातीची आहे. वरून सिमेंटचा गिलावा आणि टाईल्स असल्या तरी आत जुनी भिंत तशीच ठेवलेली घरं आपल्याकडे पुष्कळ. अशा भिंतीत हॅमर (मशीनचा ठोके मारत फिरण्याचा प्रकार) लावला की वीट जागेवर हलते आणि तिच्यासोबत पलीकडची टाईल गिलाव्यापासून सुटते. तिथे नुसतं फिरवूनच होल करायचं, वेळ लागला तरी चालेल.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर या भागात राहणाऱ्यांना दोन गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतात. एक म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खोल नसेल तर भिंतही तिच्यासोबत थोडी वर-खाली होते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलेली असेल तर तुमचं घर हलतंय याला दुसरा पुरावा नको. त्या चिरेच्या आसपास होल घेऊ नका, आणि पाईप भिंतीत सिमेंटने घट्ट आवळू नका. भिंत हलली की पहिल्यांदा एल्बो, म्हणजे पाईप वळवणारा सांधा, तडकतो. दुसरी गोष्ट लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या क्षाराची. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जमिनीचा पट्टा, आहे. जमिनीतला क्षार ओलीसोबत भिंतीत चढतो, गिलावा फुगतो, पापुद्रे सुटतात. बाहेरून लोण्याची पांढरी रेघ कुठवर आली आहे ते बघा आणि होल तिच्यापेक्षा निदान वीतभर वर घ्या. त्या रेघेखाली वीट इतकी भुसभुशीत झालेली असते की होल गोल राहतच नाही. लोखंडी जीआय पाईप या पट्ट्यात मुळात घेऊच नये असं माझं मत आहे, कुणी कितीही मजबुतीच्या गोष्टी सांगो. भिंतीच्या आतला तुकडा बाहेरून गंजतो आणि गळती दिसते तेव्हा टाईल्स काढाव्या लागतात.

आता जागा. टाईल्सच्या आत काय काय दडलंय याचा नकाशा कुणाकडे नसतो, पण अंदाज बांधता येतो. वायरिंग बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ आडवी गेलेली असते. पाण्याची जुनी लाईन नळाच्या सरळ वर किंवा खाली. म्हणून बोर्ड आणि नळ यांच्या उभ्या-आडव्या रेषा खडूने काढा आणि त्या रेषांपासून हातभर दूर राहा. दाराच्या-खिडकीच्या वर लिंटेल असते, छताखाली बीम, कोपऱ्यात कॉलम. तिथे सळई आहे. बिटाच्या टोकाशी लोखंडाचा कीस दिसला की जोर लावायचा नाही, जागा सोडायची. बाहेरही जाऊन बघा. तिथे गोठ्याची दावण असेल तर बैल अंग घासून पाईप काढणारच. आणि शेजाऱ्याच्या जागेत पाईप उघडत असेल तर होल मारायच्या आधी त्याच्याशी बोलून घ्या, नंतर नाही.

आतली खूण बाहेर नेण्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. आतली फरशी जोत्यावर असते, अंगण फूट-दीड फूट खाली. त्यामुळे आत जमिनीपासून ३ फूट मोजलं आणि बाहेरही ३ फूट मोजलं तर दोन होलं एकमेकांना भेटणार नाहीत. गवंड्याचा लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, खिडकीतून बाहेर सोडून उंची न्या. आडवं माप खिडकीच्या कडेपासून घ्या, पण चौकट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघूनच. बाहेरची खूण आतल्यापेक्षा चार सूत (अर्धा इंच) खाली ठेवा. होलाला बाहेरच्या बाजूला उतार असला की झडीचा पाऊस भिंतीत शिरत नाही.

मग टाईल. जिथे होल यायचं त्या टाईलवर रुपयाच्या नाण्याने टकटक करा, आणि शेजारच्या चारांवरही. भरीव आवाज आला तर ठीक. ढबढब आवाज आला तर मागे पोकळ आहे. चार कोपऱ्यांत सिमेंटच्या मसाल्याचे गोळे ठेवून टाईल चिकटवायची सवय आपल्याकडच्या काही कारागिरांना आहेच. पोकळ टाईलमध्ये दाब देताच ती चिरते, म्हणून अर्धी वीत इकडे-तिकडे सरकून भरीव जागा शोधा. होल टाईलच्या कडेपासून दीड-दोन इंच आत हवं. काही जण सांध्यावरच मारतात, म्हणतात टाईल वाचते. उलट होतं: बिट सांध्यात घसरतो आणि एकाऐवजी दोन टाईल्सचे कोपरे उडतात.

टाईल कुठल्या जातीची हेही कळायला हवं, कारण बिट त्यावर ठरतो. डॅडोची, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाची, साधी सिरॅमिक टाईल मागून लालसर किंवा पांढऱ्या मातीची, पाणी शोषणारी असते. उरलेल्या तुकड्याच्या मागे पाण्याचा थेंब ठेवला तर तो जिरतो. तिला भाल्यासारख्या टोकाचा टाईल बिटही चालतो. व्हिट्रिफाईड टाईलमध्ये थेंब तसाच उभा राहतो, आणि तिथे साधा बिट नुसता तापून बोथट होतो. तिला डायमंड कोअर बिटच (आतून पोकळ, कडेला हिऱ्याची कणी लावलेला) लागतो. माळ्यावर पडलेल्या जुन्या पेटीतून दोन उरलेल्या टाईल्स काढून ठेवा. एकीवर मिस्त्रीला आधी हात साफ करू द्या, दुसरी राखून ठेवा.

मापांकडे येऊ. पाईपच्या नावावर जाऊ नका; सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी या प्लॅस्टिक पाईपच्या दोन जाती, आणि त्यांची मापं वेगळी. अर्धा इंची सीपीव्हीसी पाईप बाहेरून १५.९ मिलीमीटर जाड असतो, पाऊण इंची २२.२ मिलीमीटर. अर्धा इंची यूपीव्हीसी मात्र बाहेरून २१.३ असतो. दुकानातून पाईपचा तुकडा घरी आणा आणि स्वतः मोजा. होल पाईपच्या मापाचं करायचं नाही, स्लीव्हच्या मापाचं करायचं. स्लीव्ह म्हणजे भिंतीत कायमचा बसवलेला मोठा तुकडा, ज्यातून पाण्याचा पाईप मोकळा जातो. अर्धा इंची सीपीव्हीसीसाठी पाऊण इंची यूपीव्हीसीचा तुकडा पुरतो. तो बाहेरून २६.७ असतो, म्हणून टाईलला २८ किंवा ३० चा कोअर. पाऊण इंची सीपीव्हीसीला एक इंची तुकडा, बाहेरून ३३.४, आणि ३५ चा कोअर. हा खर्च वाचवावा असं अनेकांना वाटतं. पण अकोल्या-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हिवाळ्याच्या पहाटे दहाच्या आसपास येतो; ३ मीटरचा सीपीव्हीसी पाईप तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर साधारण ८ मिलीमीटरने लांब-आखूड होतो. त्याला सरकायला जागा हवी, आणि खाली काळी माती आहेच. स्लीव्ह असली की उद्या पाईप बदलायचा झाला तर टाईलला हात लावावा लागत नाही.

बिटाच्या लांबीत फसगत ठरलेली. नऊ इंची भिंत म्हणजे विटेचे २३० मिलीमीटर, त्यात दोन्हीकडचा गिलावा, मसाला आणि टाईल धरून २७० ते २८० होतात. दुकानदार ‘बारा इंची घ्या’ म्हणून ३१० मिलीमीटरचा एसडीएस (हॅमर मशीनला बसणाऱ्या खाचांच्या दांड्याचा) बिट देतो, पण त्यातले कामाचे २५० च असतात, बाकीचा दांडा मशीनमध्ये जातो. ४५० चा घ्या, त्यात ४०० मिळतात. चार इंची भिंत असेल तर हा सगळा विचार सोडा, तिथे ३१० चाही पुरतो. मशीन २६ मिलीमीटरच्या क्षमतेची रोटरी हॅमर असावी. तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने मिळते. विटेत २८-३० चं होल लागत असेल तर गोलाच्या कडेने ८ मिलीमीटरची भोकं जवळजवळ पाडून मधला गाभा छन्नीने काढायचा, असा जुना मार्ग आहे आणि तो चांगला आहे.

विजेचं आधीच जुळवून ठेवा. स्वयंपाकघराचा एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या खोलीचा स्विच) बंद करायचा असतो, म्हणून मशीनसाठी लाईन दुसऱ्या खोलीतून घ्या, तीन पिनांची, अर्थिंग असलेली. बंद केल्यावर स्वयंपाकघराच्या बोर्डावर टेस्टर लावून खात्री करा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. संध्याकाळी गावात होल्टेज पडलं की मशीन कण्हते आणि तापते, त्यामुळे काम सकाळीच. डायमंड कोअरला पाणी लागतं, पण पाणी आणि वीज एकाच हातात नको. झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेऊन घरातलं कुणीतरी बाजूला उभं राहील, धार टाईलवर, मशीनवर नाही. मशीनवाल्याच्या डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवा. विटेची बारीक धूळ छातीत बसते. आपल्याकडे मास्कऐवजी दुपट्टा गुंडाळतात. गुंडाळा, पण टोकं सदऱ्यात खोचून. फिरत्या चकमध्ये दुपट्ट्याचं टोक गेलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून मशीन धरू देऊ नका. बाजूची मूठ लावल्याशिवाय तर मुळीच नाही, कारण बिट अडकला की मशीनच मनगट पिळते.

ओट्यावरचे डबे, फोटो, मसाल्याचा डबा, सगळं हलवा, ओटा जुन्या धोतराने झाका. बाहेरच्या बाजूला पोरं-कोंबड्या फिरकू नयेत म्हणून एक माणूस ठेवा.

कामाचा क्रम मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, मशीन सुरू झाल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही. टाईलवर मास्किंग टेप, त्यावर पेन्सिलने फुली. कोअर सुरुवातीला थोडा तिरपा टेकवून चंद्रकोरीसारखी खाच पाडायची, मग हळूहळू सरळ करायचा. वेग कमी, दाब हलका, हॅमर बंद. टाईल संपून मसाला लागला की थांबायचं आणि बिट बदलायचा. आता मधोमध ६ मिलीमीटरच्या लांब बिटने आरपार वाट काढायची, उतार सांभाळून. तो बाहेर कुठे निघाला ते बघायचं. खुणेपासून बोटभर सरकला असेल तर तीच नवी खूण धरायची, हट्ट करायचा नाही. मग मोठं होल दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं. एकाच बाजूने आरपार गेलं तर पलीकडचा गिलावा ताटाएवढा उडतो.

स्लीव्ह बसवून तिच्या बाहेरची फट सिमेंटने बुजवा, दुसऱ्या दिवशी पाईप ओवा. सांधे जोडल्यावर सीपीव्हीसीचं सोल्युशन (सांधे चिकटवायचा द्रव) रात्रभर वाळू द्या, मग कॉक उघडा. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून ती वेळ बघून एक जण आत आणि एक बाहेर थांबेल असं करा, आणि पाणी आहे तोवर सगळे सांधे हाताने चाचपून घ्या. गळत नाही हे कळल्यावरच पाईप आणि स्लीव्ह यांच्यातली फट सिलिकॉनने भरायची, दोन्ही टोकांना. ती उघडी ठेवली तर पावसाळ्यात विंचू, मुंगळे, पाली त्याच वाटेने ओट्यावर येतात. सिमेंट तिथे नको, पाईप सरकायचा असतो. बाहेरचा पाईप उन्हात उघडा राहत असेल तर त्यावर रंग मारा किंवा त्याला जाड काळ्या पाईपमध्ये घाला. टाईलवरची स्टीलची चकती सिलिकॉन सुकल्यावर बसवा, आणि तोवर त्या बाजूला भांडी घासू नका.