ओंडक्यातून पक्षी कोरताना या चुका टाळा

कोरलेल्या पक्ष्याची चोच मोडली किंवा छातीवर उभी भेग गेली की दोष हाताला दिला जातो. प्रत्यक्षात ती चूक बहुतेक वेळा ओंडका निवडताना आणि त्यावर आकृती आखतानाच झालेली असते.

भेगांचे मुख्य कारण म्हणजे ताजा, गोल ओंडका गाभ्यासकट कोरायला घेणे. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते, आणि हा विषम ताण गोल ओंडक्याला पेलत नसल्याने तो सालीपासून गाभ्यापर्यंत तडकतो. म्हणून ओंडका मधोमध उभा चिरावा, गाभा काढून टाकावा आणि उरलेल्या फाळीतूनच पक्षी कोरावा. ओलावा दोन्ही टोकांतून सर्वांत लवकर उडतो, त्यामुळे तिथे मेण किंवा जाड रंग लावावा. तरीही भेग पडलीच, तर ती बुजवण्याची घाई करू नये. लाकूड पुरते वाळल्यावर त्याच लाकडाची पातळ पाचर डिंक लावून बसवावी.

चोचीचा प्रश्न लाकडाच्या, म्हणजे ओंडक्याच्या लांबीने जाणाऱ्या, तंतूंच्या दिशेचा आहे. चोच आणि शेपूट तंतूंना समांतर यावीत, अशीच आकृती आखावी. मान वळवलेला पक्षी हवा असेल तर चोच तंतूंना आडवी जाते आणि हलक्या धक्क्यानेही तुटते. अशा वेळी डोके वेगळ्या तुकड्यातून कोरून जोडणे मला अधिक योग्य वाटते. बगळ्यासारखे बारीक पाय तर धातूच्या तारेचेच करावेत. चोच शेवटपर्यंत जाड ठेवावी, कारण अंग कोरताना तुकडा सतत फिरवावा लागतो आणि आपटते ते नेमके हेच टोक.

मानेच्या मागचा खळगा सर्वाधिक बिघडतो. पटाशी पाठीकडून खळग्यात उतरते तोवर गुळगुळीत, चकाकता छिलका निघतो. मात्र तळ ओलांडून ती तशीच डोक्याकडे चढवली की पात्यापुढे तंतू उचकटू लागतात आणि खपली निघते. उतारावरच कापावे, तळाशी थांबावे आणि दुसरी बाजू डोक्याकडून खाली आणावी. धार बोथट असेल तर योग्य दिशेनेही लाकूड फाटते, म्हणून पाते कामाच्या मध्येमध्येही चामड्यावर घासावे.

कोरीव काम पूर्ण होण्याआधी पॉलिश पेपर फिरवू नये. त्याचे कण लाकडात रुततात आणि नंतर पटाशीची धार खातात. पक्ष्याच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवण्यासाठी आखलेली मध्यरेषा काम करताना पुसली जाते, ती प्रत्येक टप्प्यावर पुन्हा आखावी. डोळ्यांच्या जागा केवळ बाजूने पाहून ठरवू नयेत, समोरून आणि वरूनही तपासाव्यात, कारण एक डोळा किंचित पुढे गेला तरी सगळा चेहरा वाकडा दिसतो.

शेवटी जवसाचे तेल लावत असाल, तर तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवूनच टाकावीत.