माळ्यावरची पितळी दुर्बीण किती जुनी, ते कसं ओळखावं

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुन्या ओव्हरसिअरांच्या घरी माळ्यावर एखादी लाकडी पेटी असतेच. आत डंपी लेव्हल, म्हणजे उंच-सखलपणा मोजायची दुर्बीण, नाहीतर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची. पोरं उचलून माझ्याकडे आणतात, "काका, इंग्रजांच्या वेळचं आहे का हो?" मी जन्मभर कॅनॉल आणि रस्त्यांचं लेव्हलिंग केलंय. पहिलं सांगणं एकच, ब्रासो लावू नका! पितळेवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा पातळ थर असतो. तो गेला की कोरलेली अक्षरंही झिजायला लागतात. सुती फडकं आणि मऊ ब्रश पुरे.

मग बॅटरीचा उजेड तिरका पाडून नाव शोधा. ते नळीवर असतं, नाहीतर होकायंत्राच्या तबकडीवर. 'ट्रॉटन अँड सिम्स, लंडन' एवढंच असेल तर यंत्र 1826 ते 1922 मधलं. 1826 साली एडवर्ड ट्रॉटननं विल्यम सिम्सला भागीदार करून घेतलं. मोजणी खात्याचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्टनं हिंदुस्थानच्या मोजणीसाठी 1830 मध्ये आणलेला 36 इंची थिओडोलाइट यांच्याच कारखान्यातला. 'टी. कुक अँड सन्स, यॉर्क' हे घराणं वेगळं, थॉमस कुकनं 1837 मध्ये सुरू केलेलं. 1922 मध्ये दोन्ही एक झाली, तेव्हापासून 'कुक, ट्रॉटन अँड सिम्स'. 'व्हिकर्स इन्स्ट्रुमेंट्स' दिसलं तर 1960 च्या पुढचं.

पेटीवर मुंबई पी.डब्ल्यू.डी.चा शिक्का असेल तर नवल नाही, 1956 पर्यंत आपला बेळगाव भाग मुंबई राज्यातच होता.

नावावर मात्र आंधळा विश्वास नको. शोभेच्या पितळी नकला रुरकीहून भरपूर येतात, वर झोकदार इंग्रजी नाव. खात्री करायची पाणसळीवर, म्हणजे बुडबुड्याच्या काचनळीवर. यंत्राच्या बुडाचा लेव्हलिंग स्क्रू केसभर फिरवा. खऱ्या यंत्रात बुडबुडा लगेच सरकतो, नकलेत हलता हलत नाही.

दुर्बिणीतून समोरचा माड उलटा दिसला म्हणून यंत्र बिघडलं म्हणू नका. जुन्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. म्हणून तर आमच्या स्टाफवर, म्हणजे दुर्बिणीतून वाचायच्या मोजपट्टीच्या काठीवर, आकडे उलटे रंगवलेले असायचे.

खानापूरकडच्या पावसात भिंगावर बुरशी धरते. पावसाळ्यात पेटी सतत बंद ठेवू नका; बंद करताना आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. स्क्रू अडकला असेल तर पक्कड लावू नका. घड्याळाच्या तेलाचा थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी बोटांनीच फिरवून बघा.